लक्ष्मीला कात्री कोण लावणार?

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून पूनम सागरच्या रस्त्याला लागलं, की इमारतींच्या पाट्यांपेक्षा खिडक्यांच्या जाळ्या वाचाव्यात. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा मुलगा क्रिकेटच्या कोचिंगला जातो, कोणाचं वॉशिंग मशीन बिघडलंय, हे सगळं तिथे उघड्यावर टांगलेलं असतं. टॉवेल, गणवेश, पॅड, पालथी घातलेली बादली, तुळस, कोरफड. आणि या गर्दीतून वाट काढत, सोसायटीचे कुठलेही नियम न मानता, खालच्या मजल्याकडे निघालेला एक हिरवा-पिवळा वेल. तो तिसऱ्या मजल्याचा की चौथ्या, हे खालून कळत नाही. त्याच्या कुंडीतलं पाणी मात्र पहिल्या मजल्यावरच्यांच्या वाळवणावर ठिबकतं, आणि ते नक्की कोणाचं हे ठरवण्यात रविवारची सकाळ जाते.

या भागात मनी प्लांट नसलेलं घर हवं असेल तर इस्टेट एजंटच लावावा लागेल. ज्या घरात तुळस टिकत नाही, मोगरा कळी धरत नाही आणि हौसेने आणलेल्या गुलाबाच्या पंधरा दिवसांत काटक्या होतात, त्या घरातही मनी प्लांट असतो. फ्रिजवर असतो, टीव्हीच्या मागे असतो, बाथरूमच्या खिडकीत असतो, वायफायच्या डब्याला वेटोळं घालून असतो. तो कुंडीत असलाच पाहिजे असं नाही. किंबहुना कुंडी सोडून बाकी सगळ्यात असतो. मुरंब्याची बरणी, सरबताची बाटली, कान तुटलेला कप, जोडीदार हरवलेला टिफिनचा डबा. सगळ्यात देखणे वेल रमच्या बाटलीत वाढतात. लेबल गरम पाण्यात भिजवून खरवडलेलं असतं, वरून लोकरीचं विणकाम चढवलेलं असतं, तरी बाटलीचा घाट लपत नाही. गावाहून आलेल्या सासूबाई विचारतात, "ही बाटली कसली गं?" सून सांगते, "मनी प्लांटची." खोटं काहीच नसतं त्यात.

हवा मानवली तर हा वेल महिन्याला फूटभर सहज सरकतो, आणि इथली हवा त्याला न मानवायचं काही कारण नाही. बारमाही उकाडा, अंगाला चिकटणारा दमटपणा, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस, आणि थंडी म्हणजे जानेवारीत चार दिवस पंखा दोनवर. पण वाढीचं कौतुक मीरा रोडकराला सांगायला जाऊ नये. १९९१च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१मध्ये ती पाच लाखांवर गेली, २०११मध्ये आठ लाखांवर. १९८५ची नगरपालिका २००२मध्ये महानगरपालिका झाली. मिठागरांच्या आणि शेतांच्या कडेने आधी चार मजली इमारती आल्या, मग सात मजली, मग लिफ्टमध्ये आरसा असलेले टॉवर. जरा आधार दिसला की तिथे मुळं सोडायची आणि पुढे सरकायचं, हे या गावाला कोणी शिकवलं नाही आणि वेलालाही नाही.

त्यामुळे मनी प्लांट वाढवायचा कसा, असं पूनम सागरमध्ये कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की हा आता आवरायचा कसा?

वेलाचं मूळ गाव मोरेआ. दक्षिण प्रशांत महासागरात, ताहितीच्या शेजारी, फ्रेंच पॉलिनेशियातलं एक छोटंसं बेट. पण १८८०मध्ये युरोपात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापून आलं तेव्हा त्याच्या नावापुढे पत्ता लागला सॉलोमन बेटांचा. ती बेटं मोरेआपासून हजारो किलोमीटरवर. चुकीचा पत्ता घेऊनच वेल जगभर फिरला, आणि शास्त्रीय नाव तर अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर असल्यासारखं बदलत गेलं. आधी पोथॉस, मग सिंडॅप्सस, मग राफिडोफोरा, आणि १९६०च्या दशकात एकदाचं त्याचं फूल नीट तपासायला मिळालं तेव्हा एपिप्रेम्नम ऑरियम. नर्सरीवाले अजून पोथॉसच म्हणतात. मीरा रोडकराला यात नवल वाटायचं कारण नाही. जिल्हा ठाणे, महानगरपालिका मीरा-भाईंदर, आणि गावच्या जत्रेत कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "मुंबईला असतो."

आता चोरीकडे वळू. विकत आणलेला मनी प्लांट लागत नाही, मागून आणलेला लागतो पण पैसा येत नाही, आणि चोरून आणला तरच घरात लक्ष्मी येते, असा एक समज मराठी, गुजराती, मारवाडी, मल्याळी असे सगळे शेजारी एकमुखाने मान्य करतात. मेंटेनन्स वाढवण्याच्या ठरावावर इतकं एकमत कधी झालेलं नाही. एरवी पाच रुपयांच्या कोथिंबिरीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या, दूधवाल्याचे दोन रुपये जास्त आले तर जिना उतरून परत देणाऱ्या वहिनी दुसऱ्याच्या दारातल्या मनी प्लांटपाशी आल्या की त्यांची चाल मंदावते. इकडे बघतात, तिकडे बघतात. पर्स आधीच उघडी असते.

पण या चोऱ्यांतल्या बऱ्याचशा वाया जातात, आणि त्याचं कारण नशीब नव्हे, घाई. वेल हातात घेऊन जवळून पाहावा. पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे एक जाडसर पेर असतं. त्या पेरावरच तपकिरी रंगाचा एक बोथट कोंब असतो, तांदळाच्या कणीएवढा. हे त्याचं हवेतलं मूळ. पेरासकट फांदी पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत तिथून पांढरी मुळं सुटतात, आणि पानाच्या बेचक्यातला डोळा फुटून नवा वेल निघतो. सगळी लक्ष्मी असते ती त्या बोटभर पेरात. नुसतं पान तोडून पाण्यात ठेवलं तर फार तर देठाला मुळं येतात आणि ते महिनोन्महिने हिरवंगार, टवटवीत, होतं तेवढंच राहतं. नवा वेल त्याला फुटत नाही. आता लिफ्ट वर येतेय, वॉचमन बिडी संपवून परत निघालाय, समोरच्या दाराच्या भिंगामागे कोणाची तरी सावली हललीय, अशा वेळी पेर कोण शोधत बसणार? हाताला लागतं ते पान. पुढे सहा महिने त्या पानाकडे बघत बसायचं आणि शेवटी म्हणायचं, "आपल्याला पैसा लाभतच नाही."

ज्यांना चोरी जमत नाही ते नातेवाइकांकडून आणतात. दादरच्या मावशीने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली फांदी संध्याकाळच्या विरार लोकलमधून मीरा रोडला आणणं हा त्या वेलाच्या चिवटपणाचा सर्वोच्च कस. अंधेरीला पिशवी छातीशी, बोरिवलीला डोक्यावर, दहिसरला कोणाच्या कोपराखाली. मीरा रोडला उतरायचं तर दहिसर येण्याआधीच दाराकडे सरकायला लागायचं, आणि विरारपर्यंत जाणारे दारातले लोक वाट देतील या भरवशावर राहायचं नाही. फलाटावर उतरल्यावर पाहावं तर शर्टाचं बटण गेलेलं, चपलेचा अंगठा तुटलेला, डब्याची पिशवी कोणाच्या तरी बॅगेत अडकून विरारकडे रवाना. मावशीची फांदी मात्र जशीच्या तशी. उलट त्या दमट डब्यात एखादं पान उलगडलं असावं असा संशय येतो.

फांदी घरात आली की प्रश्न येतो दिशेचा. वास्तुतज्ज्ञांच्या मते मनी प्लांट आग्नेयेला ठेवावा, वेल जमिनीला टेकू देऊ नये, खाली लोंबू देऊ नये, वर चढवावा, पिवळं पान दिसताच काढून टाकावं. आता साडेतीनशे-चारशे चौरस फुटांच्या घरात आग्नेय ही दिशा राहणाऱ्याच्या हातात नसते, ती बिल्डरने आधीच ठरवून टाकलेली असते. अनेक घरांत तिथे संडास येतो. मग मनी प्लांट संडासच्या खिडकीत बसतो, आणि तिथली ओलसर हवा व झरोक्यातून येणारा मंद उजेड मानवून असा काही फोफावतो की घरातली सगळी भरभराट त्या एका खोलीत झालीय असं वाटावं. काही जण त्याच्या बाटलीत रुपयाचं नाणंही टाकतात. सुरुवातीचं भांडवल म्हणून असेल.

गंमत अशी, की वेल वर चढवावा या एका मुद्द्यावर वास्तुतज्ज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ चक्क एका बाजूला उभे आहेत. कारणं वेगळी, निकाल एक. हा मुळात झाडांवर चढणारा वेल. हवेतल्या मुळांना धरायला काही सापडलं की तो पुढचं पान मागच्या पानापेक्षा मोठं काढतो. तोच वेल खाली लोंबकळत सोडला तर पानं लहान लहान होत जातात, दोन पानांतलं अंतर वाढतं, आणि शेवटी फ्रिजवरून निघालेली सुतळी उरते, जिच्या टोकाला दोन पानं असतात. म्हणून नर्सरीवाला काथ्या गुंडाळलेली काठी गळ्यात मारतो. ती ओली ठेवायची असते, हे तो सांगत नाही. कोरड्या काठीला मुळं धरत नाहीत. मग वेल दोऱ्याने बांधावा लागतो, आणि तो काठीला धरून उभा राहतो तो लग्नात फोटोसाठी उभ्या केलेल्या मुलासारखा, लक्ष सगळं दुसरीकडे.

खरा चमत्कार बघायचा तर इमारतीच्या मागे जावं. कधीकाळी कोणीतरी वैतागून खिडकीतून फेकलेला तुकडा कंपाउंडच्या भिंतीलगत रुजलेला असतो आणि नारळाला किंवा सोनमोहराला धरून वर गेलेला असतो. घरात तळहाताएवढं असणारं पान तिथे सुपाएवढं होतं. अनुकूल जागी ते मीटरभर लांबही होऊ शकतं, कडेने फाटल्यासारख्या चिरा पडतात, आणि वेल वीस मीटरपर्यंत चढतो. सोसायटीतले लोक मान वर करून एकमेकांना विचारतात, "हे कसलं हो झाड?" कोणी म्हणतं फॉरेनचं असावं, कोणी म्हणतं रानकेळ. आपल्या फ्रिजवरचा तो हाच, हे सांगितलं तर सांगणाऱ्याकडेच संशयाने बघतात. त्यात एक कायदेशीर पेचही आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा जतन कायदा आहे. पावसाळ्याआधी धोकादायक फांदी छाटायची तरी सोसायटीला महानगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. त्या झाडाला मिठी मारून बसलेल्या वेलाला हात लावायला कोणाचीच परवानगी लागत नाही. तरीही वर्षानुवर्षं अर्ज जातो तो झाडाचाच.

इतका चिवट वेल मरतो कशाने? बहुतेकदा प्रेमाने. तो उजेडाशिवाय बरेच दिवस काढतो, मे महिन्यात घराला कुलूप लावून माणसं कोकणात गेली तरी मान टाकून पडून राहतो आणि आल्यावर तांब्याभर पाणी मिळताच उठून बसतो. पण घरात कोणी नुकतं निवृत्त झालं असेल तर त्याचं काही खरं नाही. सकाळी चहाआधी पाणी, दुपारी झोपेनंतर पाणी, रात्री बातम्या संपल्या की पाणी. माती सतत चिखल राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं पिवळी पडतात. पिवळं पान दिसलं की आजोबांना वाटतं, उन्हाने सुकला. की आणखी पाणी. वरच्या इंचभर मातीत बोट घालून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावं, एवढा साधा नियम. पण बोट मातीत घालायला आजोबा तयार नसतात आणि तांब्या खाली ठेवायलाही.

हे पाणी येतं कुठून, तेही लक्षात घेण्याजोगं आहे. मीरा-भाईंदरला स्वतःचं धरण नाही. स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून उल्हास नदीचं पाणी येतं; सूर्या योजनेतून रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी या शहराच्या वाट्याला ठरलेलं आहे. 'पाणी येणार' हे वाक्य ऐकत इथली एक अख्खी पिढी लग्नाच्या वयाची झाली. त्यामुळे इथली गृहिणी चांगलं पाणी वेलावर ओतत नाही. त्याला मिळतं ते तांदूळ धुतल्याचं, डाळ भिजवल्याचं, आणि फिल्टरच्या बारीक नळीतून बादलीत गळणारं. पहिली दोन ठीक. तिसऱ्यात फिल्टरने गाळून टाकलेले सगळे क्षार साठलेले असतात. सतत तेच घातलं की पानांची टोकं तपकिरी होऊन करपतात. मग दोष जातो समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंच्या नजरेला.

पाण्यातल्या वेलाची कथा निराळी, कारण त्या पाण्यावर हक्क सांगायला आणखी एक जण टपलेला असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात जात नाही. त्याच्या मादीला घरातलं स्वच्छ, साठलेलं, कोणी न हलवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात लोकांना ज्या जागा तपासायला सांगते, त्यांत टायर, पिंप आणि कुंडीखालच्या ताटल्यांबरोबर मनी प्लांटची बाटलीही असते. म्हणून पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं दारात येतात, तेव्हा होणारा संवाद जवळपास प्रत्येक मजल्यावर सारखाच असतो.

"ताई, या बाटलीतलं पाणी कधी बदललंत?"

"रोज बदलते हो."

तो माणूस काही न बोलता बाटली उचलतो आणि उजेडासमोर धरतो. मुळांच्या जाळ्यात बारीक बारीक अळ्या डोकं खाली, शेपटी वर करून वळवळत असतात. ताई चष्मा पुसून बघतात.

"अगंबाई! या काल नव्हत्या."

आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्यावं, आणि बाटलीची आतली कड घासून काढावी, कारण अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी बदलणं म्हणजे भाडेकरूला नवी गादी घालून देणं.

इतका उपद्व्याप का सोसायचा, असं विचारलं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लगेच नासा येते. हा वेल हवा शुद्ध करतो, असं नासाने सांगितलंय म्हणे. सांगितलं, पण कुठल्या हवेबद्दल ते फॉरवर्डमध्ये राहून गेलं. १९८९मध्ये बिल वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासासाठी अवकाशातल्या बंदिस्त निवाऱ्यांचा विचार करून काही घरगुती रोपं तपासली. रोप ठेवलं होतं पारदर्शक, हवाबंद पेटीत. त्या पेटीतलं बेंझीन, फॉर्मल्डिहाइड वगैरे कमी झालं, हे खरं. पूनम सागरमधलं घर मात्र हवाबंद नसतं. खिडकीतून रिक्षाचा धूर, शेजारच्यांचा मिरचीचा ठसका आणि कोणाच्या तरी घरच्या सुक्या बोंबलाची खबर अखंड आत येत असते. २०१९मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून गणित मांडलं. उघड्या दारा-खिडक्यांतून हवा जशी सहज बदलते, तेवढं काम रोपांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपं लागतील. चारशे चौरस फूट म्हणजे साधारण सदतीस चौरस मीटर. म्हणजे एका वन-बीएचकेत कमीत कमी ३७० मनी प्लांट, आणि हात सैल सोडला तर ३७ हजार. हवा शुद्ध होईल, पण माणसांना भाईंदरला भाड्याने राहावं लागेल.

शास्त्रज्ञ एवढ्यावर थांबले नाहीत. २०१८मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सशाचं एक जनुक मनी प्लांटमध्ये बसवलं. सस्तन प्राण्यांच्या यकृतात विषारी द्रव्यं मोडणारं एक विकर असतं, माणसाच्याही असतं. ते बनवायची कृती वेलाला शिकवली, आणि काचेच्या बंद नळ्यांत त्याने बेंझीन व क्लोरोफॉर्म खरंच झपाट्याने कमी केलं. ही बातमी ऐकून इथल्या कोणाही जाणत्या माणसाच्या मनात एकच विचार यावा: आधीच हा वेल या वेगाने वाढतो, त्यात त्याला ससा कशाला जोडायचा?

या प्रयोगासाठी मनी प्लांट निवडण्याचं एक कारण मात्र विचार करण्यासारखं आहे. तो घरात फुलत नाही, त्यामुळे परागकण उडून जनुक बाहेर पसरायची भीती नाही. घरातच कशाला, तो बाहेरही फुलत नाही म्हटलं तरी चालेल. आपणहून फुलल्याची शेवटची माहीत असलेली नोंद १९६४ची. २०१६मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कारण शोधलं: फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्याच्या कामातलं त्याचं एक जनुक नीट चालत नाही. बाहेरून ते फवारलं तर वेल फुलतो. थोडक्यात, लग्न नाही, वरात नाही, बी नाही, बाळंतपण नाही. तरी बेटाबेटांवरून, देशादेशांतून निघून पूनम सागरच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचला, तो निव्वळ लोकांनी तोडून नेलेल्या तुकड्यांच्या बळावर. श्रीलंकेत तर तो जंगलात शिरून उपद्रवी ठरला आहे. चोरीवरचा लोकांचा विश्वास त्याला कसा लाभलाय, हे यावरून दिसतं.

मांजर किंवा रांगतं मूल घरात असेल तर मात्र वेल हाताच्या उंचीवर ठेवू नये. हा अळूच्या आणि सुरणाच्या कुळातला. पान चावलं की कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक तोंडात टोचतात, जीभ-ओठ चुरचुरतात, लाळ गळते. अळूच्या खाजेवर चिंच आणि शिजवणं असा तोडगा काढून मराठी स्वयंपाकघराने त्याचं फदफदं केलं, वडी केली. तेच धोरण इथे लागू करायचा मोह एखाद्या काटकसरी घराला होऊ शकतो, विशेषतः वेल बैठकीच्या खोलीत चालणं अशक्य करून सोडतो तेव्हा. करू नये. याची वडी होत नाही.

तेव्हा उरतो एकच उपाय, कात्री. आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

कापायचं कसं, हे कोणीही सांगेल: पेराच्या जरा खाली, तिरपा काप, स्वच्छ कात्री. कापायचं कोणी, यावर घर दुभंगतं. सासूबाई म्हणतात, शुक्रवारी तर मुळीच नको. सून म्हणते, मंगळवारी सुद्धा नको असं तुम्हीच म्हणाला होता. मुलाचं म्हणणं, शेअर बाजार वर आहे तोवर कोणी हात लावायचा नाही. नवरा पेपर तोंडासमोर धरतो. एरवी घरातल्या टाकायच्या वस्तूंपैकी कोणाच्याच वाट्याला एवढा आदर येत नाही. जुनी रद्दी जाते, आजोबांचा रेडिओ भंगारात जातो, वेल राहतो. शेवटी तो ट्यूबलाइटला टेकतो, घड्याळाचे काटे अडवतो, आणि गणपतीत मखराच्या मागे प्लॅस्टिकच्या वेलांत इतका मिसळून जातो की विसर्जनानंतर आवराआवर करताना खऱ्या वेलालाच खेचलं जातं. अनेक घरांत वर्षातली एकमेव छाटणी होते ती अशी.

छाटल्यावर तरी सुटका आहे का? नाही. टोक कापलं की मागच्या पेरांतले झोपलेले डोळे जागे होतात आणि जिथे एक वेल होता तिथे दोन निघतात. शिवाय कापलेल्या लांबीत जितकी पेरं, तितकी नवी रोपं. रक्तबीजाची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. ती आपल्या फ्रिजवर चालू आहे हे ध्यानात यायला वेळ लागतो. टोपलीभर फांद्या समोर पडतात. फेकवत नाहीत, कारण लक्ष्मी. कोणाला देववत नाहीत, कारण आपल्या हाताने दिली तर आपली लक्ष्मी जाते, असा दुसरा समज पहिल्याला चिकटूनच असतो. आणि समोरच्यालाही दिलेली नकोच असते, त्याला चोरलेली हवी असते.

या पेचावर एका इमारतीने काढलेला तोडगा पूनम सागरच्या व्यवहारी परंपरेला साजेसा आहे. वार्षिक सभेत विषय आला, चर्चा झाली, आवाज चढले, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ए विंगमधील लिफ्टजवळ टबमध्ये ठेवलेल्या मनी प्लांटच्या फांद्या इच्छुकांनी संबंधितांचे लक्ष नसताना घेऊन जाव्यात. या कामी रात्री ९ ते १० या वेळेत कॅमेरा बंद राहील व वॉचमन गेटकडे तोंड करून बसेल. फांदी पेरासह घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही. हुकुमावरून, सेक्रेटरी."

रात्री साडेनऊला जिन्यात पावलं वाजत होती, दारं हळूच लागत होती, बी विंगमधली मंडळीही आज ए विंगच्या लिफ्टने वर जाऊ म्हणत होती. सेक्रेटरी समाधानाने झोपले. सकाळी खाली येऊन बघतात तर टब भरून वाहत होता. शिवाय शेजारी अकरा बाटल्या, चार बरण्या आणि काठीसकट एक अख्खी कुंडी. कोण काय घेऊन गेलं याची त्यांना फिकीर नव्हती. कोण काय ठेवून गेलं हे पाहायला त्यांनी रेकॉर्डिंग मागवलं. पण ९ ते १० कॅमेरा, ठरावाप्रमाणे, बंद होता.